कराटे क्लास जूनमध्ये रिकामे का होतात?

संपादक महोदय,

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या वडगावच्या क्लासला पासष्ट मुलं होती. शाळा सुरू झाली आणि जूनच्या मध्यावर बावीस उरली. दरवर्षी हेच होतं. पाऊस, ट्यूशन, अभ्यास ही पालकांची कारणं खोटी नाहीत. पण अकरा वर्षं शिकवल्यावर मला खात्री पटली आहे की मुलांना घाम गाळायचा कंटाळा नसतो, ताटकळत उभं राहायचा असतो.

सुरुवातीला मीही तसंच शिकवायची. चाळीस मुलं रांगेत. एकाचा हात धरून पंच सुधारायचा, तोवर बाकीची गप्प उभी. सात वर्षांचा एक मुलगा तेवढ्यात पुढच्याच्या बेल्टची गाठ सोडायचा. दोनदा त्याला बाहेर बसवलं. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. त्याची चुटपुट मला अजून आहे.

आता सात-आठ मिनिटांनी प्रकार बदलते. तुमच्याच दैनिकाचं जुनं पान दोघं ताणून धरतात आणि तिसऱ्याने पंच मारायचा. मूठ सरळ, झटक्यात गेली तर कागद टर्रकन मधोमध फाटतो. मनगट वाकलं तर पान नुसतंच मागे ढकललं जातं. चूक मला सांगावीच लागत नाही. ‘टीचर, अजून एक पान द्या की’ म्हणत मुलं वीस-वीस पंच मारतात. चुळबुळ करणाऱ्याला मी मोजणी घालायला पुढे उभं करते : इच, नी, सान, शी. आमच्याकडे मराठी, कन्नड, उर्दू माध्यमांची मुलं येतात. जपानी आकडे सगळ्यांनाच सारखे नवे.

यात माझं स्वतःचं शहाणपण फार नाही. जपानच्या ओकिनावा बेटावर १९०१ च्या सुमारास आंको इतोसु या कराटे शिक्षकांनी कराटे शाळेत नेलं आणि मुलांसाठी पाच छोटे काता, म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींचे संच, बसवले. आमची मुलं सुरुवातीला शिकतात तो एकवीस हालचालींचा ‘हेआन शोदान’ त्यातलाच.

पालकांना एक कळकळीची विनंती. तिसऱ्या महिन्यातच ‘यलो बेल्ट कधी?’ असं मुलांसमोर विचारू नका. बेल्टची पद्धत मुळात जुदोतली. कराटेत पहिले काळे पट्टे दिले ते जपानमध्ये कराटे रुजवणाऱ्या गिचिन फुनाकोशी यांनी, १९२४ मध्ये. त्याआधीही लोक वर्षानुवर्षं शिकतच होते. घाईने बेल्ट मिळालेलं मूल त्यानंतर दुसऱ्याच महिन्यात क्लास सोडतं, हे मी कितीदा पाहिलंय.

त्यापेक्षा घरी पाच मिनिटं ‘आज काय शिकलास, दाखव’ म्हणा. आमच्याच गल्लीत एक आई माग चालवते. संध्याकाळी माग थांबला की मधल्या चिंचोळ्या जागेत ती लेकीचा काता बघायची. कराटेतलं तिला काही कळत नव्हतं, तरी ‘काल इथं वळली होतीस, आज विसरलीस’ एवढं ती बरोबर पकडायची. आठवीत बऱ्याच मुली क्लास सोडतात. ही मुलगी आता ब्राऊन बेल्ट, म्हणजे काळ्याच्या आधीच्या पायरीवर आहे आणि रविवारी लहान मुलांची बॅच तीच घेते.

– एक कराटे शिक्षिका, वडगाव, बेळगाव