चूक यंत्राची नव्हती

महोदय,

फुटबॉलमधील व्हिडिओ साहाय्यक पंचांविषयी, म्हणजे व्हीएआरविषयी, वाद निघाला की सगळे खापर तंत्रज्ञानावर फोडले जाते. परंतु ३० सप्टेंबर २०२३ रोजीच्या टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात यंत्राने आपले काम चोख केले होते. लिव्हरपूलच्या लुइस दियासचा गोल मैदानावर ऑफसाइड, म्हणजे खेळाडू नियमापेक्षा पुढे असल्याने अवैध, ठरवला गेला, पडद्यावर मात्र तो ऑनसाइड असल्याचे स्वच्छ दिसत होते. गोल दिला गेला आहे, अशा समजुतीत असलेल्या व्हिडिओ पंचाने ‘तपासणी पूर्ण’ एवढेच कळवले आणि खेळ पुन्हा सुरू झाला. घोटाळा आधी ध्यानात आला तो रिप्ले हाताळणाऱ्या तंत्रज्ञाच्या. पण खेळ सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही, या नियमावर बोट ठेवले गेले आणि गोल गेला तो गेलाच. लिव्हरपूल २-१ असे हरले, तेही भरपाई वेळेतील स्वयंगोलमुळे.

पंचांच्या संस्थेने त्याच दिवशी चूक कबूल केली, हे खरे. मात्र पंचांच्या संभाषणाची ध्वनिफीत बाहेर यायला तीन दिवस लागले. एप्रिल २०२५ मध्ये प्रीमियर लीगने, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल साखळी स्पर्धेने, अर्धस्वयंचलित ऑफसाइड यंत्रणा आणली, तरी तिने रेषा आखण्याचा वेळ वाचतो, दोन माणसांमधला गैरसमज टळत नाही. रग्बीत पंचांचे संभाषण प्रेक्षकांना सामना चालू असतानाच ऐकता येते. फुटबॉलच्या नियामकांनीही तशी मुभा द्यावी, अशी आम्हा कोल्हापूरच्या फुटबॉलप्रेमींची कळकळीची मागणी आहे.

– एक वाचक, कोल्हापूर