बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, गॅसच्या बिलासकट

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं की काय गं, तुमच्याकडे कॅनडात सगळेच पक्ष युक्रेनच्या बाजूचे म्हणतेस, मग त्यांच्याशी व्यापार करार करायला विरोध कोण करतंय, आणि तेवढ्यात माझी बस आली. बाबांना अर्धवट सांगितलेलं चालत नाही म्हणून लिहूनच पाठवतेय.

करार तसा २०१७ पासून आहेच. मग त्यात सर्व्हिसेस, गुंतवणूक, डिजिटल व्यापार असलं बरंच घातलं, आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये झेलेन्स्की आमच्या राजधानीत, ऑटव्याला आले तेव्हा सह्या झाल्या. (त्याच दिवशी पार्लमेंटने एका म्हाताऱ्या सैनिकासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि मागून कळलं की तो नाझींच्या तुकडीत होता, स्पीकरची खुर्ची गेली त्यात.) मग तो करार लागू करायचं विधेयक, बिल सी-५७, पार्लमेंटमध्ये आलं आणि गाडी अडली ती करारातल्या पर्यावरणाच्या प्रकरणात कार्बन प्राइसिंगला, म्हणजे कार्बनच्या धुरावर पैसे आकारायला, चालना देण्याचा उल्लेख आहे त्यावर. झालं! विरोधी पक्षातले कन्झर्वेटिव्ह म्हणाले, युद्धात होरपळणाऱ्या देशावर पंतप्रधान (तेव्हाचे) ट्रुडो कार्बन टॅक्स लादतायत. अहो पण युक्रेनमध्ये तो टॅक्स २०११ पासूनच आहे, लादायचं काय त्यात? २१ नोव्हेंबरला २०५ विरुद्ध १०९ मतं पडली, विरोधातले सगळे कन्झर्वेटिव्ह, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत शेवटच्या मतदानालाही ते हटले नाहीत. तरी बिल पास झालं, मग सिनेटमध्येही, म्हणजे वरच्या सभागृहात, आणि मार्च २०२४ मध्ये त्याचा कायदा झाला.

खरं सांगू, भांडण युक्रेनचं नव्हतंच, आमच्या गॅसच्या बिलाचं होतं. त्या जानेवारीत इथे एडमंटनला उणे चाळीसच्या आसपास गेलं होतं, हीटर बंदच नाही, आणि तेव्हा बिलात कार्बन चार्जची, म्हणजे त्याच टॅक्सची, ओळ वेगळी छापून यायची, ती बघून मीसुद्धा चार शिव्या घातल्या. दर तीन महिन्यांनी सरकार खात्यात पैसे परत टाकायचं, ते मात्र कोणाच्या लक्षात राहायचं नाही, माझ्याही.

आमच्या शेजारच्या आजी मूळच्या युक्रेनियन घरातल्या, त्यांचे आजोबा इथे शेती करायला आलेले. आयुष्यभर मत कन्झर्वेटिव्हना. परवा पिरोही घेऊन आल्या, आई, अगं उकडलेल्या करंज्याच त्या, आत बटाटा, वरून परतलेला कांदा. मी विषय काढला तर म्हणाल्या, टॅक्स मलाही नकोय, पण त्यासाठी युक्रेनच्या कराराचंच बिल मिळालं होतं का या कन्झर्वेटिव्हना? एवढंच बोलल्या आणि डबा रिकामा करून मागितला. मी त्यात शंकरपाळे भरून दिले.

बाबा तुम्ही म्हणता ना, दिल्लीत बोलतात एकाचं आणि भाव पडतो दुसऱ्याचा, तेच आठवलं मला. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्यावर निर्यातबंदी होती ना, रांगडा कांदा निघाला का सगळा? लासलगावला काय भाव चाललाय ते कळवा. आणि आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, दादाला आणायला सांगते.

तुमची,
ताई