लंगडी येते का, तेही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा धनकवडीतल्या आमच्या सोसायटीत एका नर्सरीचे माहितीपत्रक दारोदार टाकून गेले. वर्षअखेर मूल एक ते शंभर आकडे लिहील, इंग्रजी अक्षरे ओळीत काढील, स्पेलिंगे पाठ म्हणेल, असे त्यात ‘उद्दिष्टे’ या मथळ्याखाली छापले आहे. वर्ग कुणाचा, तर तीन पूर्ण झालेल्या मुलांचा. बोलणे, पळणे, खेळणे यांचा कुठे उल्लेख नाही. खालच्या मजल्यावरची तरुण आई मला म्हणाली, “आजी, ही शाळा फार पुढे आहे हो.”

महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवण्यात माझी बहुतेक नोकरी गेली. त्यामुळे जूनमध्ये पहिलीच्या बाईंना काय हवे असते, ते मी सांगू शकते. पोराला शू लागली तर सांगता यावे, डबा उघडता यावा, शर्टाची बटणे लावता यावीत. शेजारच्याने पेन्सिल ओढली तर चावा न घेता “माझी आहे, दे” म्हणता यावे. गोष्ट ऐकताना “मग काय झालं?” असे त्याला विचारावेसे वाटावे. एवढे येणारी मुले दिवाळीपर्यंत वाचायला लागतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. उलट काही मुले शंभरपर्यंत धडाधड म्हणत आणि “पाच चिंचोके दे” म्हटले की मूठभर पुढे करत. त्यांना पुन्हा एकपासून न्यावे लागे.

लिहिण्याची घाई तर हातालाच झेपत नाही. जन्मतः मनगटातली आठही छोटी हाडे कूर्चेची असतात. ती एकेक करून टणक होतात आणि सहाव्या वर्षीही ते काम पुरे झालेले नसते. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल काढते, चौथ्याच्या सुमारास अधिकचे चिन्ह, त्यानंतर चौकोन आणि पाचव्याच्या आसपास त्रिकोण. थोडे मागेपुढे होतेच. ज्याला अजून अधिकचे चिन्ह जमत नाही, त्याच्याकडून ‘क’ची पाने भरून घ्यायची म्हणजे छळच. त्यापेक्षा त्याला मटार सोलायला बसवा, कणकेच्या गोळ्या करू द्या, जुना पेपर फाडायला द्या (आपलाही चालेल!). आमचा नातू निम्मे मटार खातो. खाऊ दे.

चौथ्या वर्षाच्या आसपास मूल एका पायावर उड्या मारायला लागते, म्हणजे लंगडीची सुरुवात. तोल, दम, नियम पाळणे, बाद झाल्यावर रडून पुन्हा यायचे, सगळे त्यात आले. आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकवायचे असेल, तर पेशवे उद्यानात १९५६ पासून धावणाऱ्या ‘फुलराणी’ या मुलांच्या छोट्या आगगाडीच्या रांगेत उभे करा.

हे काही माझे म्हाताऱ्या बाईचे खूळ नाही. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तके नसावीत, असे त्यात स्पष्ट आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या मोरगावात जन्मलेल्या अनुताई वाघ १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या आणि त्यांनी दगड, पाने, शिंपल्यांवर बालवाडी चालवून दाखवली. त्याला ऐंशी वर्षे होऊन गेली, आणि आपण वर्कबुकांचे पैसे भरतो आहोत.

एक गोष्ट मात्र खरोखर काळजीची आहे. तीन वर्षांचे मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा आधी येणारे शब्द विसरत चालले असेल, तर “मुलगे उशिराच बोलतात” म्हणत थांबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत जाऊन मुलांची तपासणी करते आणि त्यात विकासातला विलंबही पाहिला जातो. म्हणजे वस्तीतल्या अंगणवाडीतल्या मुलाला जे फुकट मिळते, ते हजारो रुपये फी भरणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या मुलांना नर्सरीत मिळत नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागाने खासगी नर्सरींतही अशी तपासणी सुरू करावी. आणि पालकांनो, प्रवेशाला जाल तेव्हा मुले रोज किती वेळ उघड्यावर खेळतात आणि एका बाईंकडे किती मुले असतात, एवढे दोन प्रश्न फीच्या आधी विचारा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, धनकवडी, पुणे