चंपीच्या डॉक्टर मॅडमना

सप्रेम नमस्कार, वि. वि.

चंपीला, आमच्या गल्लीतल्या भटक्या कुत्रीला, कॅन्सर आहे म्हटल्यावर आमच्या निम्म्या गल्लीने हात टेकले होते. शेपटीखाली फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लालभडक गाठ, तिच्यातून सतत टिपकणारं रक्त. "इंजेक्शन देऊन सोडवा बिचारीला," असं म्हणणारेही वाईट नव्हते, त्यांना तिचे हाल बघवत नव्हते. तुम्ही मात्र काही बोलायच्या आधी सुई मागवलीत. गाठीतल्या पेशी काचेवर घेतल्या, रंगवल्या, मायक्रोस्कोपखाली ठेवल्या आणि मलाही बघायला बोलावलंत. गोल गोल पेशी आणि त्यांच्यात पारदर्शक बुडबुडे. "टीव्हीटी आहे, कुत्र्यांना एकमेकांकडून लागणारा कॅन्सर. हा बहुतेक वेळा बरा होतो," म्हणालात. किती दिवसांनी मला धड श्वास घेता आला!

या गाठीच्या जिवंत पेशीच संगातून, चाटण्या-हुंगण्यातून दुसऱ्या कुत्र्याच्या अंगात रुजतात, आणि त्या हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यापासून चालत आल्यात, हे ऐकून मी थक्क झाले. माणसाला याची लागण होत नाही, हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत. त्यामुळे चंपीला गल्लीबाहेर हाकलायची भाषा थांबली.

मग आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टीन, म्हणजे कॅन्सरवरचं शिरेतून द्यायचं इंजेक्शन. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जळतं. म्हणून तुम्ही पायावरचे केस भादरून, आधी सलाइन सोडून शीर नीट चालतेय ना ते बघायचात, मगच औषध. दर वेळी आधी रक्ततपासणी. एकदा पांढऱ्या पेशी घसरल्या तेव्हा मी घाई करत असूनही तुम्ही डोस पुढे ढकललात. रस्त्यावरच्या कुत्रीसाठी एवढी काळजी कोण घेतं, मॅडम? हे औषध मुळात सदाफुलीतलं, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि झाडाचा पाला विषारी असतो, तो चुकूनही खायला घालू नका, असं लगेच बजावलंतही.

शेजारच्या काकूंच्या मनीच्या वेळीही तुम्ही खरं तेच सांगितलंत. मांजरीच्या स्तनातली गाठ बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते, म्हणून ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढलात. फुप्फुसात पसरलेलं दिसलं. "आता कापाकापी नको, तिला दुखणार नाही एवढं बघू," म्हणालात. मनी शेवटपर्यंत काकूंच्या मांडीवर होती. काकू तुम्हाला अजून दुवा देतात.

चंपीची गाठ आता हातालाही लागत नाही, नसबंदीही झाली. गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांनाही नसबंदीसाठी रविवारी घेऊन येतोय, टेम्पो ठरवलाय. सुई टोचताना चंपीचं डोकं धरून तिच्याशी सारखं बोलत राहणाऱ्या तुमच्या मदतनीस दादांनाही आमचा नमस्कार सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
चंपीला रोज भाकरी घालणारी