बाबा, माझं नाव चौथं का?

खारघर, रविवार

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, माझ्या संशोधनाच्या पेपरांची यादी छापून तुम्ही तलावपाळीच्या कट्ट्यावर नेलीत, हे आईने सांगितलं. जोशीकाकांनी चष्मा चढवून ती वाचली आणि विचारलं म्हणे, "हिचं नाव सगळीकडे तिसरं-चौथंच कसं? आमच्या पुतण्याचे शंभर झाले." तेव्हापासून तुमचं बिनसलंय. फोनवर सांगायला गेले की तुम्ही "असू दे गं" म्हणून आईच्या हातात फोन देता. कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला लेखीच पटतं, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे पहिलं नाव ज्याने बहुतेक काम केलं त्याचं, शेवटचं बहुधा लॅबप्रमुखाचं. मधली नावं ज्यांच्यावाचून काम अडलं असतं त्यांची. तो सेप्सिसचा पेपर घ्या. आयसीयूतून रक्ताची नळी बर्फावर येते. काही तासांच्या आत मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवर एचएलए-डीआर नावाचं प्रथिन किती आहे, ते फ्लो सायटोमीटर या पेशी तपासणाऱ्या यंत्रावर मोजायचं. नळी बाहेर पडून राहिली की आकडा खोटाच वाढतो. म्हणून रात्री दोनला फोन आला तरी उठायचं. ती मोजणी माझी, नि नाव चौथं. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर रडणाऱ्या नातेवाइकांना संमतीपत्र समजावणारी सिस्टर मात्र आभाराच्या एका ओळीत गेली. रागवायचंच असेल तर त्यावर रागवा.

आई, तू विचारलं होतंस, हे मोजून करायचं काय? सेप्सिसमध्ये जंतूंशी लढता लढता शरीराचा तोल जातो आणि आपलेच अवयव बंद पडू लागतात. पूर्वी वाटायचं, प्रतिकारशक्ती भडकली आहे, ती विझवली की झालं. 1990च्या दशकात टीएनएफ हे दाह भडकवणारं प्रथिन अडवणारी औषधं देऊन पाहिली, हाती फारसं लागलं नाही. आता दिसतं की भडक्याच्या जोडीला प्रतिकारशक्ती ढेपाळतेही. ती किती ढेपाळली, ते एचएलए-डीआरवरून कळतं. ते खाली गेलं आणि वर येईना, की दुसरा संसर्ग गाठायची धास्ती.

या विषयात "नाही" असं उत्तर देणारे पेपर मला जास्त मोलाचे वाटतात. झायग्रिस नावाच्या औषधाला 2001 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, सेप्सिसवरचं मोठं औषध म्हणून गाजलं. नंतरच्या चाचणीत ते घेऊन माणसं जास्त वाचतात असं दिसेना, तेव्हा 2011 मध्ये बाजारातून काढलं. पुन्हा तपासलं नसतं तर रक्तस्रावाचा धोका असलेलं ते महागडं औषध आम्ही आजही देत बसलो असतो. माझं पहिलं नाव असलेला पेपरही "नाही"चाच आहे: आम्ही धरलेल्या मार्करवरून, म्हणजे मोजता येणाऱ्या खुणेवरून, कोण दगावेल ते सांगता येत नाही. म्हणूनच तो छापून यायला इतका वेळ लागला.

शंभर पेपरांचं म्हणाल तर पैसे भरले की काहीही छापणारी नियतकालिकं ढिगाने आहेत. "परमआदरणीय प्राध्यापक" म्हणून मला रोज मेल येतात. पुतण्याबद्दल मी काही म्हणत नाही.

आणि बाबा, कोविडच्या दुसऱ्या लाटेत तुम्ही ऑक्सिजनवर होतात, तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड काढा. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, 6 मिग्रॅ, असं लिहिलंय ना? तो डोस ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतला. 2,104 पेशंटना औषध दिलं, 4,321 जणांना नेहमीचे उपचार. व्हेंटिलेटरवरच्यांत 28 दिवसांतले मृत्यू 41.4 टक्क्यांऐवजी 29.3 टक्के झाले, तुमच्यासारख्या ऑक्सिजनवरच्यांतही थोडे कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र फायदा नाही, हेही स्पष्ट लिहिलं. त्या पेपराच्या मथळ्याखाली एकाही माणसाचं नाव नाही, सगळ्या गटाचं मिळून एकच नाव आहे. काकांना विचारा, यात पहिला कोण?

शनिवारी पनवेल-ठाणे गाडीने येते. "नाही"वाल्या पेपराची प्रत आणते. काकांना खुशाल वाचायला द्या, पण आठवणीने परत मागून घ्या. आपला दिवाळी अंक त्यांच्याकडेच आहे अजून.

तुमची,
मधुरा