तोरणमाळच्या घाटातल्या आजींना

बी.एस्सी.ची तीन वर्षं संपली. निरोप समारंभात सरांचे, मॅडमचे, ग्रंथपालकाकांचे आभार मानून झाले. ज्यांचं नावही आम्हाला माहीत नाही, त्यांचे राहिले.

वनस्पतिशास्त्राच्या सहलीत तोरणमाळहून शहाद्याकडे उतरताना भर पावसात आमची गाडी बंद पडली. अंधार, मोबाईलला रेंज नाही. रस्त्यालगतच्या घरातल्या आजींनी आम्हा सगळ्यांना आत घेतलं, चूल पेटवून मक्याच्या भाकरी थापल्या. एका मैत्रिणीला ताप भरला होता. तिचे ओले मोजे काढून आजींनी तळपाय शेकले, स्वतःची गोधडी तिच्या अंगावर घातली. त्यांचा मुलगा भिजत खाली गेला आणि मेकॅनिकला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. पैसे मात्र दोघांनीही घेतले नाहीत.

आजी, दादा, तुमचे मनापासून आभार. निकाल लागला की पेढे घेऊन येतोय.