संजूस पत्र : कॅसेटवाला मारिओ की नवा गेम?

प्रिय संजू,

कपाटातून जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम निघाला, रात्री जेमतेम अर्धा तास मोकळा मिळतो, तर तोच जोडू की नवं काही घेऊ, असं तू विचारलंस. माझ्या लेखी जुना की नवा हा प्रश्न दुय्यम. मेल्यावर पुन्हा त्याच जागी यायला किती वेळ जातो, ते आधी बघायचं.

'सुपर मारिओ ब्रदर्स'च घे. १९८५चा गेम, सगळा मिळून ४० केबीचा. ८ वर्ल्ड, प्रत्येकात ४ लेव्हल, म्हणजे ३२. वाटा पाठ असलेले लोक तो पाच मिनिटांच्या आत संपवतात. एवढासा गेम महिनाभर पुरवायचा कसा? तीन जीव द्यायचे आणि ते संपले की पार १-१ (पहिल्या वर्ल्डची पहिली लेव्हल) पासून सुरुवात करायला लावायची. जुने गेम किती अवघड होते म्हणून आपण मिरवतो ना, त्यातलं निम्मं अवघडपण म्हणजे दुधात घातलेलं पाणी.

त्यावर उताराही त्याच कॅसेटमध्ये आहे, तो फार जणांना ठाऊक नसतो. गेम ओव्हर झाल्यावर पॉवर बंद करू नकोस. टायटल स्क्रीन आली की 'ए' दाबून धर आणि 'स्टार्ट' दाब. ज्या वर्ल्डमध्ये मेलास त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून सुरू होतं. वेळ फारच कमी असेल तर १-२ मध्ये छतावर चढून शेवटच्या पाइपच्याही पुढे चालत जा, तिथून थेट चौथ्या वर्ल्डला पोचशील. मग ४-२ मध्ये लपलेल्या विटेतून वेल निघते, तिच्यावरून वर गेलास की आठवं वर्ल्ड. ३२ पैकी ८ लेव्हलमध्ये काम झालं.

'काँट्रा'त तर एक गोळी लागली की जीव गेला. टायटल पडद्यावर सरकत येत असतानाच वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, स्टार्ट: ३० जीव. दोघं खेळणार असाल तर स्टार्टच्या आधी एकदा सिलेक्ट. गर्दी झाली की गोळ्या लुकलुकतात, त्यात मशीनचा बिघाड नाही. मशीनमधल्या चित्रं काढणाऱ्या चिपला एका आडव्या रेषेत ८ पेक्षा जास्त हलती चित्रं दाखवता येत नाहीत, म्हणून गेम ती आळीपाळीने दाखवतो.

आता जोडणी. सपाट टीव्हीवर मारिओ उशिरा उडी मारतोय असं वाटलं तर हात गंजला म्हणून खंतावू नकोस. जुन्या मशीनचा २४० रेषांचा सिग्नल बरेच टीव्ही ४८० इंटरलेस्ड (एकाआड एक रेषा दाखवणारा) समजतात आणि तो जुळवत बसतात, त्यात वेळ जातो. म्हणूनच धक्का लागल्यावर मारिओ लुकलुकायच्या ऐवजी कधी कधी गायबच होतो. पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम मोड' लाव, चित्र गुळगुळीत करणारे बाकीचे सगळे पर्याय बंद कर. पिवळी पिन लावायला जागाच नसेल तर कन्व्हर्टर लागेल. स्वस्तातले कन्व्हर्टर हाच घोळ आणखी वाढवतात. जुना डबा टीव्ही कुणी फुकट देत असेल तर उचल, जागेचं नंतर बघू. 'डक हंट'मधली बदकं मारायची बंदूक तर त्या टीव्हीशिवाय चालतच नाही. घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि तो उजेड बंदुकीतल्या सेन्सरला ठरलेल्या वेळेतच दिसावा लागतो.

कॅसेट लागली नाही तर फुंकू नकोस! फुंकल्यावर चालते ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीतला ओलावा उलट पिना गंजवतो. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, इअरबडला लावून पिनांवरून लांबीच्या दिशेने फिरव, काळं यायचं थांबेपर्यंत नवे बड घेत राहा. दहा मिनिटं सुकू दे, मग लाव.

नव्यांकडे वळतो. 'सेलेस्ट' (२०१८) घे असं मी आग्रहाने सांगेन. मारिओत कड्यावरून पाय सुटला की उडी विसरायची. इथे पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी लागते, आणि खेळणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही. मेलास तर त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला, डोळ्याचं पातं लवायच्या आत. तरीही जड गेलं तर असिस्ट मोडमध्ये (गेम सोपा करायची सोय) वेग ५० टक्क्यांपर्यंत उतरवता येतो. गेम अवघडच आहे, पण तुझा वेळ खात नाही. अशी सोय वापरण्यात कमीपणा मानणाऱ्यांना काँट्राचे ३० जीव चालतात, हे मला कधी समजलेलं नाही.

'हेडीस' (२०२०) मध्ये गॉड मोड चालू केलास की मार २० टक्क्यांनी कमी बसतो आणि प्रत्येक मरणागणिक आणखी २ टक्के सूट मिळते, ८० टक्क्यांपर्यंत. मध्येच उठावं लागलं तर ज्या खोलीत होतास तिच्या दारापासून पुढे. पुण्यात तयार झालेला 'राजी'ही (२०२०) बघ. पाच-सहा तासांत संपतो, राजस्थानी महाल बघत राहावे असे. मारामारी बेताची, आणि कॅमेरा आपल्याला फिरवता येत नसल्यामुळे उड्यांचा अंदाज चुकतो.

'रेड डेड रिडेम्प्शन २' मात्र तुझ्या अर्ध्या तासात बसणार नाही. तो दीडशे जीबी जागा मागतो, तेवढ्यात ३७ लाख मारिओ मावतील. ४० एमबीपीएसच्या लाइनवर दीडशे जीबी उतरायला ८ तास २० मिनिटं लागतात. मिशनच्या मधोमध आपल्या हाताने सेव्ह करता येत नाही, आणि बऱ्याच मिशनची सुरुवात घोड्यावरच्या लांबलचक गप्पांनी होते. गेम देखणा आहे, दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेव.

स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) घेणार असशील तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. मेनू उघडा ठेवून जेवायला गेलास तरी ती मिनिटं त्यातच धरली जातात.

कॅसेटवर ९९९९ इन १ लिहिलं असेल तर गेमच्या यादीत चौथ्या-पाचव्या पानानंतर शोधत बसू नकोस, तेच गेम नावं बदलून पुन्हा आलेले असतात. ॲडॉप्टरवर किती व्होल्ट आणि मधली पिन धन की ऋण, ते मशीनच्या पाठीवरच्या खुणेशी जुळवून मगच स्विच टाक. खूण पुसली असेल तर फोटो पाठव.

तुझा,
बंड्या